आधी नाल्याला जागा, मग प्लॉटला: तलावाच्या पाणलोटात वसाहत कशी आखावी

जमीन पाहायची असेल तर जुलैमध्ये, जोराचा पाऊस थांबून तासभर झाल्यावर जा. गमबूट घालून जा. इंदूरच्या काळ्या मातीत दहा पावलं टाकली की प्रत्येक पायाला किलोभर चिखल चिकटतो आणि गाडी बांधाबाहेरच उभी करावी लागते. त्याच वेळी जमीन आपला नकाशा स्वतः काढून दाखवत असते. पाणी कुठून येतं, कुठे रेंगाळतं, कुठे धावतं आणि कोणत्या बांधाला फोडून जातं, ते एका तासात कळतं. फेब्रुवारीत गव्हाच्या हिरव्या शेताचे ड्रोन फोटो पाहून यातलं काही कळत नाही.

हे मी चुकून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका कार्यालयात शहराच्या कडेच्या एका कॉलनीचा नकाशा काढत होते. जागेतून एक नाला जात होता, उन्हाळ्यात कोरडा, मुश्किलीने दोन हात रुंद. आम्ही तो सिमेंटच्या पाइपात घातला, वर रस्ता काढला, आणि दोन रस्त्यांच्या बेचक्यात उरलेल्या तिकोनी तुकड्याला 'उद्यान' असं नाव दिलं. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी आपल्या जुन्या वाटेने आलं. मी गेले तेव्हा तळमजल्यावरच्या एका घरात एक बाई मुलीच्या शाळेच्या वह्या पान-पान करून इस्त्रीने सुकवत होती. ती मला काहीच बोलली नाही. त्या नकाशाच्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय' पुढे माझी आद्याक्षरं होती.

तेव्हापासून मी उलट क्रमाने काम करते. आधी पाणी, माती आणि झाडं यांची जागा ठरते, त्या सांगाड्यावर रस्ते बसतात, आणि उरलेल्या जमिनीवर घरं. खाली हीच रीत क्रमाने सांगते. उदाहरणासाठी समजा, शहराच्या पश्चिमेला सिरपूर तलावाच्या पाणलोटात आपल्याकडे 25 एकर, म्हणजे साधारण 10 हेक्टर शेतजमीन आहे.

पहिलं काम: कुठे बांधायचंच नाही ते ठरवा

सिरपूर आणि यशवंतसागर ही इंदूरची दोन्ही तळी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, आणि 2025 मध्ये उदयपूरसोबत इंदूरला 'पाणथळ शहर' ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातली अशी ही पहिली दोन शहरं. रामसर स्थळांना 2017 चे पाणथळ नियम लागू होतात. त्यानुसार, नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मोजलेल्या मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून 50 मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही, बोटीच्या धक्क्याचा अपवाद सोडून. तलावात शुद्ध न केलेलं सांडपाणी सोडणं, कचरा टाकणं, पाणथळ जागा भरून दुसऱ्या वापरात आणणं यांनाही मनाई आहे.

इथे एक चूक नेहमी होते. लोक मे महिन्यात जातात, पाण्याच्या कडेपासून टेप लावतात आणि 50 मीटरवर खुंटी ठोकतात. सिरपूर उथळ आहे. पावसाळ्यात भरला तरी खोली जास्तीत जास्त दोन मीटरच्या आसपास. एवढ्या उथळ तलावाची कड ऋतूनुसार खूप पुढेमागे सरकते, त्यामुळे मेमध्ये ठोकलेली खुंटी ऑगस्टमध्ये पाण्याखाली दिसते. मोजायचं ते पूररेषेपासून. ही रेषा संबंधित विभागाकडून लेखी घ्या आणि सर्व्हेअरकडून जमिनीवर दगड रोवून उमटवा. कागदावरच राहिलेली रेषा ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही.

मग महसुली कागद. पटवारी नक्शा (तलाठ्याचा गावनकाशा), खसरा (जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची नोंद), निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) हे चारही काढा. बहुतेक जण खसऱ्यावर थांबतात. गावाच्या पाण्याच्या वाटा, गुरांचे रस्ते आणि चराईचे हक्क मात्र शेवटच्या दोन कागदांत असतात. 'नाला', 'चरनोई' (गुरांची चराईची जमीन) किंवा 'जंगल' यातला एकही शब्द दिसला की तिथेच थांबून वकील गाठा. 'छोटे झाड का जंगल', 'बडे झाड का जंगल' अशा नोंदी आजही सापडतात, प्रत्यक्षात तिथे एक झाड नसलं तरी. 1996 च्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोंदीत जंगल असलेली जमीनही जंगलच धरायला सांगितलं, त्या आदेशानंतर अशी नोंद हलक्यात घेणं फार महाग पडू शकतं.

जमीन इंदूरजवळच्या राळामंडळ अभयारण्याच्या बाजूला असेल तर त्याच्या भोवतालच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना आणि तिचा नकाशा सर्व्हे नंबरनिशी तपासा. ते अभयारण्य अडीच चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे. एवढ्या छोट्या जंगलातल्या प्राण्यांना आजूबाजूच्या शेतांतूनच ये-जा करावी लागते, म्हणून कुंपणाबाहेरची जमीनही त्यांच्या दृष्टीने जंगलाचाच भाग असते.

पर्यावरण मंजुरीचा हिशेबही आत्ताच करा. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधीव क्षेत्र असेल तर पूर्वमंजुरी लागते. 50 हेक्टर जमीन किंवा 1,50,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्र गाठलं की प्रकल्प टाउनशिपच्या वर्गात जातो. टप्पे पाडून आकडा खाली दाखवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

हे सगळं एका नकाशावर लाल रंगाने भरा. कधी कधी लाल रंग इतका पसरतो की इथे वसाहत नकोच, असं उत्तर येतं. असं उत्तर दोनदा मी स्वतः दिलं आहे. जमीन घेण्याआधी ते कळलं तर कॉलोनायझरचाही, म्हणजे वसाहत उभारणाऱ्याचाही फायदाच असतो.

दुसरं काम: एक वर्ष जमिनीवर चाला

घाई असलेल्या माणसाला हे पटत नाही. "मॅडम, एक वर्ष? व्याज कोण भरणार?" असं मला थेट विचारलेलं आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: परवानग्यांना तेवढा वेळ जातोच, तेवढ्यात जमीन वाचून घेऊ.

एप्रिलमध्ये गहू निघाला की उंचसखलपणाचा सर्व्हे करून घ्या, अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. मालव्याचं पठार नजरेला सपाट वाटतं, म्हणून अर्धा मीटर महत्त्वाचा. दोन मीटरच्या रेषा काढल्या तर सगळं शेत एकाच पट्ट्यात येतं आणि नाला गायब होतो. याच दिवसांत काळी माती तडकते. भेगांत हात घाला. मनगट आत गेलं तर समजा की ही माती पावसात तेवढीच फुगणार आहे, आणि पाया तिच्यावर टेकवता येणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वाचा. किमान तीन वेळा जा: पहिल्या जोरदार पावसानंतर, सलग झडीत, आणि पाऊस उघडल्यावर चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशीही जिथे पाणी उभं आहे तो खोलगट भाग खुणेने बांधून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जा, दुर्बीण घेऊन. तलावावर उतरणारे पाहुणे पक्षी आजूबाजूच्या ओल्या शेतांत चरायला येतात का, कोणत्या झाडांवर बसतात, कुठल्या बाजूने उडत येतात ते टिपा. शहरात पक्षी मोजणारे हौशी लोक बरेच आहेत, त्यांना सोबत घ्या. ते आनंदाने येतात.

आणि जमीन कसणाऱ्या माणसाला विचारा. एका शेतावर गावातले सगळे ज्यांना 'बा' म्हणायचे ते आजोबा मला बांधाबांधाने फिरवत होते. इथे गहू आठ दिवस उशिरा उगवतो, म्हणाले. मी सर्व्हेचा कागद उघडला, तर तिथे काहीच नव्हतं, सपाट. आम्ही तिथे खड्डा खणला तेव्हा चार फुटांखाली ओल लागली. पुढे त्याच ठिकाणी आमचं तळं झालं. बांधावर देशी खजुरीची रांग दिसली तर तिच्या खालून पाण्याची वाट जाते का तेही तपासा. मालव्यात खजुरी बहुधा ओलीच्या कडेने उभी असते.

ही रीत इंदूरला नवी नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला या शहराचा नियोजन अहवाल दिला तो असाच पायी फिरून. आधी निदान, मग उपचार, हे त्यांचं सूत्र होतं. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे उपग्रहाची चित्रं आहेत, म्हणून पायी फिरण्याची गरज संपलेली नाही.

तिसरं काम: पाण्याचा हिशेब, आकड्यांत

वसाहतीतून बाहेर पडणारं पावसाचं पाणी आज शेतातून जेवढं जातं त्यापेक्षा वाढता कामा नये. हा एक नियम पाळला तर खालचा तलाव, खालचं गाव आणि आपली घरं, तिन्ही वाचतात.

तासाभरात 60 मिलिमीटर असा एक जोरदार पाऊस धरू. 10 हेक्टरवर म्हणजे 6,000 घनमीटर पाणी. शेतातून त्यातलं 30 टक्के वाहून जातं असं मानलं तर 1,800 घनमीटर. छपरं, रस्ते आणि फरशा झाल्यावर 70 टक्के वाहील, म्हणजे 4,200. वाढलेले 2,400 घनमीटर, म्हणजे 24 लाख लिटर, आपल्याच जमिनीत अडवून हळूहळू सोडायचे आहेत. सरासरी 1.2 मीटर खोलीचं तळं धरलं तर 2,000 चौरस मीटर जागा लागते. अर्धा एकर! पंचवीस एकरांत अर्धा एकर. हे गणित मी प्रत्येक बैठकीत फळ्यावर करून दाखवते, कारण तोवर सगळ्यांना वाटत असतं की तळ्यासाठी निम्मी जमीन जाणार. गाळासाठी आणि अंदाज चुकण्यासाठी थोडी भर घालून पाऊण एकर ठेवा. 30 आणि 70 हे आकडे इथे समजावण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या उतारावर आणि मातीवर ते अभियंत्याकडून काढून घ्या.

एकच मोठं तळं करण्यापेक्षा उताराच्या वाटेवर दोन-तीन उथळ तळी बरी. पहिल्या तळ्याआधी गाळ बसायला छोटा पक्का खड्डा करा आणि त्यापर्यंत ट्रॅक्टर जाईल एवढी वाट ठेवा. काठ उभे करू नका. मूल घसरलं तरी चालत बाहेर येईल इतका मंद उतार हवा.

रस्त्याच्या कडेला झाकलेल्या गटाराऐवजी गवताची उथळ चर काढा. पाणी तिच्यातून रमतगमत जातं आणि गाळ गवतात राहतो. मात्र काळ्या मातीत पाणी मुरवायच्या खड्ड्यांवर भरवसा ठेवू नका. ही माती पहिल्या पावसातच फुगते आणि भेगा मिटल्या की झाकण लावल्यासारखी बंद होते. पुनर्भरण करायचं तर माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जा. आधी फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा मुरमात करून त्यात पाणी ओता आणि किती वेळात किती उतरतं ते घड्याळ लावून पाहा. दिवसभरात इंचभरही उतरलं नाही तर ती जागा सोडून द्या.

हा खटाटोप इंदूरकरांना पटायला हवा. 1978 पासून आपण नर्मदेचं पाणी पितो, नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटर दूरवरून, घाट चढवून वर आणलेलं. एवढ्या विजेवर वर आलेलं पाणी नळाला आणि आकाशातून फुकट पडणारं पाणी गटारात, ही व्यवस्था मला कधीच मान्य झाली नाही.

चौथं काम: झाडं आणि माती

छातीच्या उंचीवर 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर असलेल्या प्रत्येक झाडाला नंबर द्या आणि नकाशावर त्याचा पर्णसंभार खऱ्या व्यासाने काढा. ठिपका काढला की झाड ठिपक्याएवढंच वाचतं. जुनं झाड वाचवायचं तर त्याच्या सावलीएवढी जमीन खोदायची नाही आणि तिच्यावर भरावही टाकायचा नाही. दोन फूट भराव टाकलेली चिंच लगेच मरत नाही. ती दोन-तीन वर्षांत वाळते, आणि तोवर कोणाला कारण आठवत नाही.

काळ्या मातीत मोठं झाड घराला चिकटून नको. उन्हाळ्यात मुळं ओल ओढून घेतात, माती आकसते, भिंतीला तिरकी चीर जाते. पूर्ण वाढल्यावर झाडाची जेवढी उंची होणार, साधारण तेवढं अंतर ठेवा. म्हणजे मोठी झाडं नाल्याच्या हिरव्या पट्ट्यात आणि मैदानांत लावायची, घरांसमोरच्या रस्त्यावर लहान जाती. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज, खजुरी. वर कोरड्या भागात कडुलिंब, पळस, बेल. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड लावू नका. शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

पाचवं काम: आता पेन्सिल उचला

लाल नकाशा, पाण्याचा नकाशा, मातीचा आणि झाडांचा नकाशा एकावर एक ठेवा. जे मोकळं उरलं ती घरांची जमीन. तिचा आकार वेडावाकडा दिसेल. तसाच राहू द्या.

मुख्य रस्ता उंचवट्याच्या पाठीवरून न्या. तिथे मोऱ्या कमी लागतात आणि दोन्ही बाजूंना पाणी आपोआप उतरतं. आतले रस्ते समोच्च रेषांना धरून हलक्या वळणाने. नाला ओलांडायचाच असेल तर एकदा, फार तर दोनदा, आणि पाइपऐवजी मोकळ्या तळाचा छोटा पूल बांधा, म्हणजे पाण्यासोबत बेडूक, साप, मुंगूस यांनाही खालून जाता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घरांची पाठ नाल्याकडे करू नका. शहरातल्या कुठल्याही नाल्याच्या काठावर उभं राहून पाहा, दोन्ही बाजूंना मागच्या भिंती, आणि भिंतीवरून टाकलेला कचरा. जिथे घराचा दरवाजा उघडतो तिथे माणूस कचरा टाकत नाही. म्हणून नाला, मग हिरवा पट्टा, मग पायवाट आणि अरुंद रस्ता, मग घराचं तोंड, असा क्रम ठेवा. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या आज्यांची नजर त्या नाल्यावर असली की तिथे वेगळा चौकीदार लागत नाही.

एवढी जागा सोडून प्लॉट किती उरणार? इथे बहुतेक बैठका तुटतात, म्हणून हिशेब मांडते. नेहमीच्या आखणीत 10 हेक्टरपैकी निम्मी जमीन विकायला मिळते असं धरा, म्हणजे 50,000 चौरस मीटर. 1,500 चौरस फुटांचे प्लॉट पाडले तर सुमारे 358 होतात. आपल्या आखणीत विक्रीयोग्य जमीन 40 टक्क्यांवर आली, म्हणजे 40,000 चौरस मीटर. प्लॉट 1,200 चौरस फुटांचे ठेवले तर ते पुन्हा 358 च. प्रत्येक घराचं अंगण 300 चौरस फुटांनी लहान झालं, आणि दारासमोर अडीच एकर जास्तीचं हिरवं आलं. रोहाऊस आणि तीन मजली घरं मिसळली तर याहून बरं गणित बसतं. फक्त ही दाटी उंचवट्यावर ठेवा आणि तलावाकडे येताना विरळ करत या.

तलावाच्या बाजूचे तपशील

सांडपाण्याचा एक थेंबही पावसाच्या चरीत यायला नको. शुद्धीकरण केंद्र उतारावर खाली बसवावंच लागतं, पण तळ्यापासून दूर, आणि वीज गेल्यावर निदान एक दिवसाचं सांडपाणी साठेल अशा टाकीसकट. शुद्ध केलेलं पाणी बागांना आणि फ्लशला वापरा.

तलावाकडच्या रस्त्यावर दिवे बुटके, पिवळसर, वरून झाकलेले. रात्रभर पांढऱ्या प्रकाशात पक्ष्यांना झोप लागत नाही. त्या बाजूला भिंतही नको. झुडपांची दाट रांग आणि जमिनीपासून वीतभर वर उचललेली जाळी पुरते. माणसांची पायवाट काठापासून आत ठेवा आणि एकाच ठिकाणी पाण्याजवळ येऊ द्या, जिथे बसायला दगडी पायऱ्या असतील.

बांधकामाचा क्रम

सगळ्यात आधी नाल्याची दुरुस्ती, गाळाचा खड्डा आणि तळी. नंतर रस्ते. बांधकामाच्या दोन पावसाळ्यांत उघड्या मातीतून जेवढा गाळ निघतो तेवढा पुढे कित्येक वर्षांत निघत नाही, आणि दोन मीटर खोलीच्या तलावाला तो परवडत नाही. वरची फूटभर सुपीक माती काढून वेगळी ठेवा, ढीग पुरुषभर उंचीपेक्षा वाढू देऊ नका, त्यावर ताग पेरा. पुढे तीच माती बगिच्यांत वापरायची आहे. झाडांभोवती बांबूचं कुंपण पहिल्या जेसीबीच्या आधी लागलं पाहिजे. ठेकेदाराच्या करारात प्रत्येक नंबरी झाडाची भरपाई आकड्यात लिहा, आणि दर शनिवारी स्वतः जाऊन झाडं मोजा.

रोपं जूनच्या शेवटी लावा, विक्री सुरू व्हायच्या एक पावसाळा आधी. येणारं पहिलं कुटुंब हिरव्या काठावर उतरलं तर ते तो काठ सांभाळतं.

सोपवताना

रहिवासी संघाच्या कार्यालयात दोन बाय तीन फुटांचा एक नकाशा फ्रेम करून लावा: पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं. त्यावर जाळ्या आणि झडपांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. खरेदीखताच्या अटींत लिहून घ्या की चर बुजवून गाडीचा रॅम्प करता येणार नाही, कारण पहिली चर पहिल्या दिवाळीच्या आतच बुजते. देखभाल निधीत तळ्यातला गाळ काढायचा वेगळा भाग ठेवा. दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाळाचा खड्डा रिकामा होतो की नाही हे पाहायला संघातल्या दोन माणसांची नावं त्याच फ्रेमखाली लिहा, आणि पहिली दोन वर्षं त्या रविवारी तुम्ही स्वतः तिथे हजर राहा, गमबूट घालून.